ताऱ्याला भांडं घडवणारी संस्था

अमरावतीजवळ नांदगावपेठला कोळशावर चालणारे २७० मेगावॅटचे पाच संच आहेत, अकोला जिल्ह्यात पारसला २५० मेगावॅटचे दोन. बडनेऱ्याहून अकोलामार्गे अहमदाबादला जाणारी गाडी पारस स्टेशनावरून जाते. भुसावळच्या अलीकडे दीपनगरचं औष्णिक केंद्र लागतं. खानदेश ओलांडून गाडी गुजरातेत शिरली की व्याऱ्याजवळ काकरापारचं अणुवीज केंद्र येतं, तिथं ७०० मेगावॅटच्या दोन स्वदेशी अणुभट्ट्या नुकत्याच सुरू झाल्या आहेत. सुरतेहून समुद्राकडे वळलं की हजिरा. स्टेनलेस स्टीलचं जगातलं सर्वांत मोठं निर्वात पात्र तिथल्या कारखान्यात तुकड्यातुकड्यांनी घडलं. अहमदाबादला उतरून साबरमतीच्या काठानं गांधीनगरकडे निघालं की वाटेत भाट नावाचं गाव आहे आणि तिथं इन्स्टिट्यूट फॉर प्लाझ्मा रिसर्च.

कोळसा जाळण्यापासून अणू फोडण्यापर्यंत आणि अणू फोडण्यापासून अणू जोडण्यापर्यंतचा सगळा प्रवास वऱ्हाडातल्या माणसाला एका गाडीत बसून करता येतो. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर गेला की विजेची मागणी कुठं जाते हे आपण दर उन्हाळ्यात भोगतो. म्हणून या रुळांच्या शेवटच्या टोकाला काय चाललं आहे, हे वऱ्हाडानं नीट समजून घ्यायला हवं.

अणू जोडण्याबद्दल, म्हणजेच अणुसंमीलनाबद्दल, लिहिताना बहुतेकांची लेखणी सूर्यावर जाऊन थांबते. पण भाटमधल्या या संस्थेची चाळीस वर्षं मुख्यतः सूर्याभोवतीच्या भांड्यावर खर्ची पडली आहेत: त्यातली हवा काढणं, त्याची भिंत स्वच्छ ठेवणं, त्याचे सांधे जोडणं, त्याला सोसेल असा धातू शोधणं. संमीलनाची वीज आज ना उद्या येईल, पण ती कुठल्या देशाच्या हाती येईल हे या भांड्यावर ठरणार आहे.

आकाशातून जमिनीवर

पदार्थ तापवत नेला तर घनाचा द्रव होतो, द्रवाचा वायू. वायूही तापवत राहिलं की अणूंतले इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि विद्युतभारित कणांचं एक मिश्रण उरतं. हाच प्लाझ्मा. वीज कडाडते तेव्हा आकाशात क्षणभर तोच असतो, ट्यूबलाइटमध्ये तोच असतो, वेल्डिंगच्या ठिणगीतही. सूर्य तर सगळाच प्लाझ्माचा.

सूर्याच्या गाभ्यात सुमारे दीड कोटी अंश तापमान आहे आणि वरच्या सगळ्या थरांचं प्रचंड ओझं. त्या दाबाखाली हायड्रोजनची केंद्रकं जुळून हेलियम होतो. पृथ्वीवर तेवढं ओझं कुठून आणणार? म्हणून इथं तापमान वाढवावं लागतं, जवळजवळ पंधरा कोटी अंशांपर्यंत. इंधनही वेगळं घ्यावं लागतं: हायड्रोजनची ड्युटेरियम आणि ट्रिटियम ही दोन जड भावंडं. ड्युटेरियम पाण्यात आहे, अगदी थोडं, पण समुद्र मोठा आहे. ते वेगळं काढण्याचं तंत्र भारताला चांगलंच अवगत आहे. जड पाणी बनवणारा एक मोठा कारखाना आपल्या रायगड जिल्ह्यात थळला आहे.

इतका तापलेला प्लाझ्मा कुठल्याही धातूला टेकू द्यायचा नाही, तर त्याला अधांतरी ठेवावं लागतं, आणि ते काम चुंबकीय क्षेत्र करतं. विद्युतभारित कण चुंबकीय रेषेला धरून गोल गोल फिरतात. रेषा सरळ असेल तर टोकाशी कण निसटतात. मग टोकंच ठेवू नयेत, रेषा वाकवून कडं करावं, अशी कल्पना सोव्हिएत शास्त्रज्ञांनी १९५० च्या दशकात प्रत्यक्षात आणली. या कड्याच्या आकाराच्या यंत्राला टोकामॅक म्हणतात.

भारतात हे बीज रुजवण्याचं श्रेय प्रेधिमन कृष्ण काव यांना जातं. श्रीनगरला १९४८ साली जन्मलेल्या काव यांनी अठराव्या वर्षी, १९६६ मध्ये, दिल्लीच्या आयआयटीतून पीएच.डी. मिळवली. ही त्या आयआयटीची पहिली पीएच.डी. अमेरिकेत प्रिन्स्टनला काम करून ते १९७१ मध्ये अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीत आले, मधली काही वर्षं पुन्हा प्रिन्स्टनला गेले आणि १९८२ मध्ये कायमचे परतले. त्याच वर्षी लॅबोरेटरीत प्लाझ्मा भौतिकीचा कार्यक्रम सुरू झाला. १९८६ मध्ये त्याची स्वतंत्र संस्था झाली आणि १९९५ पासून ती अणुऊर्जा विभागाच्या छत्राखाली आहे. हा कार्यक्रम सुरू होईपर्यंत अहमदाबादच्या प्लाझ्मा शास्त्रज्ञांचा अभ्यास बराचसा अवकाशातल्या प्लाझ्माचा होता. काव यांनी तो जमिनीवर, धातूच्या पात्रात उतरवला. २०१७ मध्ये ते गेले, पण संस्थेत आजही प्रश्न विचारण्याची पद्धत त्यांनी घालून दिलेली आहे.

आदित्यचा एक शॉट

सप्टेंबर १९८९ मध्ये भाटला आदित्य हा टोकामॅक सुरू झाला. कलकत्त्याच्या साहा इन्स्टिट्यूटमध्ये जपानहून आणलेला एक छोटा टोकामॅक त्याआधीच चालत होता. आदित्य मात्र भारतातच आखला आणि बांधला गेला. कड्याच्या मध्यापासून प्लाझ्माच्या मध्यापर्यंत पाऊण मीटर, प्लाझ्माची स्वतःची त्रिज्या पाव मीटर, भोवती तांब्याची वीस चुंबकीय वेटोळी. जगातल्या मोठ्या यंत्रांपुढे तो लहानच. पण आपल्या हातांनी बांधलेल्या यंत्रात काय बिघडलं हे आपल्याला उघडून बघता येतं, आणि आदित्यनं शिकवलं ते नेमकं या उघडून बघण्यातून.

या यंत्राच्या एका प्रयोगाला तिथं शॉट म्हणतात. शॉटआधी तासन्‌तास पंप चालून पात्रातली हवा काढलेली असते. आतला दाब बाहेरच्या हवेच्या अब्जांश भागाहूनही खाली गेलेला असतो. हायड्रोजनचा मंद प्लाझ्मा पेटता ठेवून आतली भिंत धुतलेली असते, कारण भिंतीला चिकटलेला ऑक्सिजनचा किंवा कार्बनचा कण सुटून आत आला तरी प्लाझ्माची उष्णता प्रकाशरूपानं वाया जाते. मग वेटोळ्यांतून प्रवाह सुरू होतो आणि पात्रात चुंबकीय क्षेत्र उभं राहतं. झडप क्षणभर उघडून हायड्रोजनची चिमूट आत सोडली जाते. मधल्या ट्रान्सफॉर्मरमधलं क्षेत्र वेगानं बदललं की कड्याभोवती काही व्होल्टचा दाब निर्माण होतो. आतले मोजके सुटे इलेक्ट्रॉन त्यानं पळू लागतात, अणूंवर आदळून आणखी इलेक्ट्रॉन सोडवतात, आणि काही सहस्रांश सेकंदांत सगळा वायू प्लाझ्मा होतो. त्यातून जवळजवळ एक लाख अँपिअरचा प्रवाह वाहतो आणि तापमान लाखो अंशांवर जातं.

खिडकीवरच्या कॅमेऱ्यात या वेळी दिसतं ते पाहण्यासारखं असतं. प्लाझ्माच्या कडेला गुलाबी झाक असते आणि मध्यभाग जवळजवळ रिकामा, पारदर्शक. कडेचा हायड्रोजन थंड असल्यानं त्याच्याजवळ अजून इलेक्ट्रॉन आहेत आणि तोच दिसणारा प्रकाश देतो. आतल्या अणूंनी इलेक्ट्रॉन गमावलेले असतात, त्यामुळे सर्वांत तापलेला भाग डोळ्यांना दिसतच नाही. तो क्ष-किरणांनी, सूक्ष्मतरंगांनी, चुंबकीय कॉइलींनी मोजावा लागतो. शॉट सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास टिकतो. पडद्यावर रेषा उमटतात: प्रवाह, व्होल्टेज, प्रकाश, घनता. पुढचा बराच वेळ त्या रेषांवर चर्चा चालते, काहीतरी बदललं जातं आणि पुन्हा शॉट घेतला जातो.

असे हजारो शॉट आदित्यनं दिले. प्लाझ्माच्या कडेची खळबळ सतत सारखी नसते, ती झटक्याझटक्यानं उसळते, हे आदित्यवरच्या मोजणीतून दाखवणारा निबंध १९९२ मध्ये 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये आला. हे झटके महत्त्वाचे असतात, कारण भिंतीवर उष्णता नेऊन टाकतात तेच. प्लाझ्मा अचानक कोसळून सगळी ऊर्जा भिंतीवर ओततो, ती घटना कशी रोखावी, यावरही आदित्यवर प्रयोग झाले. २०१६ मध्ये यंत्राचं पात्र बदलून त्याला नवा आकार दिला, आणि आदित्य-यू या नावानं ते आज चालू आहे.

गळतीचा शोध

संस्थेचं दुसरं मोठं यंत्र एसएसटी-१. आदित्यची तांब्याची वेटोळी तापतात, म्हणून त्याचे शॉट छोटे. दीर्घकाळ प्लाझ्मा धरायचा तर वेटोळी अतिवाहक हवीत आणि ती द्रव हेलियमच्या तापमानाला, निरपेक्ष शून्याच्या चार-साडेचार अंश वर ठेवायला हवीत. म्हणजे कोट्यवधी अंशांच्या प्लाझ्मापासून हातभर अंतरावर विश्वातल्या सर्वांत थंड जागांशी बरोबरी करणारं तापमान. दोन्हींच्या मध्ये उभी असते ती निर्वात पोकळी.

२००६ च्या सुमारास एसएसटी-१ थंड करून बघितलं तेव्हा थंड हेलियमच्या नळ्यांतून गळती निघाली आणि चुंबकांच्या सांध्यांत अडचणी आल्या. यंत्र सोडवलं. एकेक चुंबक वेगळा काढून, वेगळा थंड करून तपासला. सांधे नव्यानं केले. यात वर्षं गेली. २० जून २०१३ रोजी एसएसटी-१ मध्ये पहिला प्लाझ्मा उमटला. आखलेला हजार सेकंदांचा पल्ला त्यानं अजून गाठलेला नाही. पण या पुनर्बांधणीत एक अख्खी पिढी अतिवाहक सांधे करायला, हेलियम हाताळायला आणि गळती शोधायला शिकली, आणि पुढच्या सगळ्या कामांना तीच पिढी पुरली.

गळती शोधण्याचं काम जवळून बघण्यासारखं आहे. पात्र आतून निर्वात केलेलं असतं आणि त्याला एक उपकरण जोडलेलं असतं, जे फक्त हेलियमचे अणू ओळखतं. तंत्रज्ञ हातात बारीक नळी घेऊन बाहेरून वेल्डच्या रेघेवर हेलियमची हलकी फुंकर मारत जातो. सुरुवात वरून करायची. हेलियम हवेहून हलका, खालून मारला तर वर चढतो, दुसऱ्याच फटीत शिरतो आणि खोटा पत्ता देतो. नळी फार भरभर फिरवायची नाही, कारण अणू फटीतून आत जाऊन उपकरणापर्यंत पोचायला वेळ लागतो. काटा हलला की हात मागे घ्यायचा, थोडं थांबायचं, काटा खाली येऊ द्यायचा आणि तोच तुकडा पुन्हा तपासायचा. भिंगातूनही न दिसणारी फट अशी सापडते. कधी कधी फट नसतेच. वेल्डच्या आत अडकलेला हवेचा कप्पा हळूहळू रिकामा होत असतो किंवा कुणाच्या बोटाचा ठसा आत राहिलेला असतो, आणि त्या ठशातलं तेल दिवसेंदिवस वाफ सोडत राहतं. म्हणून इथं धातूला उघड्या हातानं कुणी स्पर्श करत नाही.

हजिऱ्याचं पात्र

दक्षिण फ्रान्समधल्या कॅदराशला आयटर नावाचा जगातला सर्वांत मोठा टोकामॅक उभा राहतो आहे. युरोपीय संघ, अमेरिका, रशिया, चीन, जपान, दक्षिण कोरिया आणि भारत असे सात भागीदार. नोव्हेंबर २००६ मध्ये पॅरिसला करारावर भारताच्या वतीनं सही केली ती अणुऊर्जा आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष अनिल काकोडकर यांनी. भारताचा वाटा सांभाळण्यासाठी प्लाझ्मा संस्थेतच आयटर-इंडिया ही शाखा निघाली, आणि तिचे प्रकल्प संचालक म्हणून शिशिर देशपांडे यांनी बराच काळ काम पाहिलं. भागीदारांनी पैशापेक्षा प्रामुख्यानं यंत्राचे भागच द्यायचे, अशी या कराराची रचना आहे. त्यामुळे प्रत्येक देशाला काहीतरी अवघड स्वतः घडवावंच लागतं.

भारताच्या वाट्याला जे भाग आले त्यांत क्रायोस्टॅट हा सर्वांत नजरेत भरणारा. सगळ्या टोकामॅकला बाहेरून वेढणारं हे स्टेनलेस स्टीलचं पात्र. उंची सुमारे २९ मीटर, व्यासही साधारण तेवढाच, वजन सुमारे ३,८५० टन. आतल्या अतिवाहक चुंबकांना बाहेरची उष्णता लागू नये म्हणून त्याच्या आतही निर्वात ठेवायचं. लार्सन अँड टुब्रोच्या हजिरा कारखान्यात ते ५४ तुकड्यांत बनलं, जहाजानं फ्रान्सला गेलं आणि तिथं भारतानं उभारलेल्या खास शेडमध्ये जोडलं गेलं. १,२५० टनांचा त्याचा तळ मे २०२० मध्ये यंत्राच्या खड्ड्यात उतरवला. त्याच वर्षी ३० जूनला वरच्या झाकणाचे शेवटचे तुकडे हजिऱ्याहून निघाले.

इतक्या मोठ्या पात्राचं अवघडपण वेल्डिंगमध्ये असतं. जाड पत्रे जोडताना उष्णतेनं धातू ओढला जातो, आकार वाकतो, आणि इथं तर २९ मीटरांच्या व्यासात मिलिमीटरचे हिशेब पाळायचे होते. कुठल्या बाजूनं किती टाके मारायचे, कुठला थर आधी, कुठला नंतर, हे ठरवून शेकडो वेल्डर काम करत राहिले. यंत्राचं गणित पीएच.डी. झालेली मंडळी मांडतात, पण ते धातूत उतरतं आयटीआय शिकलेल्या माणसाच्या हातून.

भिंतीची परीक्षा

सगळ्यात कठीण प्रश्न मात्र भिंतीचा आहे, आणि तो जगात कुणाचाच पूर्ण सुटलेला नाही.

ड्युटेरियम आणि ट्रिटियम जुळले की हेलियमचं केंद्रक आणि एक न्यूट्रॉन बाहेर पडतो. ऊर्जेचा ऐंशी टक्के वाटा न्यूट्रॉन घेऊन जातो. त्याला विद्युतभार नाही, म्हणून चुंबकीय क्षेत्र त्याला अडवू शकत नाही. तो सरळ भिंतीत घुसतो आणि तिथल्या अणूंना जागेवरून उडवतो. भट्टी वर्षानुवर्षं चालली तर भिंतीतला प्रत्येक अणू कित्येक वेळा आपली जागा सोडेल. शिवाय धातूच्या आत हेलियमचे बुडबुडे धरतात आणि तो ठिसूळ होतो.

प्लाझ्माच्या समोर बसवायला आज टंगस्टनची निवड झाली आहे. हा धातू ३,४२२ अंश सेल्सिअसला वितळतो, धातूंमध्ये सर्वांत उशिरा. पण तो ठिसूळ, कापायला अवघड आणि दुसऱ्या धातूशी जोडायला आणखी अवघड. आयटरच्या तळाशी, जिथं प्लाझ्माची राख आणि उष्णता गोळा होते, तिथं दर चौरस मीटरवर १० मेगावॅट उष्णता सतत सोसायची आहे. टंगस्टनचे ठोकळे तांब्याच्या मिश्रधातूच्या नळीवर ओवायचे आणि नळीतून वेगानं पाणी खेळवायचं, ही त्यावरची युक्ती. भाटच्या संस्थेत असे ठोकळे बनवून त्यांवर २०० किलोवॅटच्या इलेक्ट्रॉन झोताचा मारा करून बघतात: किती वेळा तापवल्यावर आणि थंड केल्यावर सांधा सुटतो, कुठून तडा जातो.

टंगस्टनच्या मागे पोलाद लागतं. साध्या पोलादातलं निकेल, मॉलिब्डेनम, नायोबियम न्यूट्रॉन खाऊन दीर्घकाळ किरणोत्सारी होतं. म्हणून कल्पाक्कमचं इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्र, हैदराबादची मिधानी आणि प्लाझ्मा संस्था यांनी मिळून वेगळं पोलाद तयार केलं. त्यात ९ टक्के क्रोमियम, १.४ टक्के टंगस्टन आणि ०.०६ टक्के टँटलम. अशा पोलादाचा किरणोत्सार हजारो वर्षांऐवजी शंभरेक वर्षांत पुष्कळ उतरतो.

आणि भिंतीला आणखी एक काम आहे: स्वतःचं इंधन पिकवण्याचं. ट्रिटियम निसर्गात जवळजवळ नाहीच, आणि त्याचं अर्धं आयुष्य १२.३ वर्षं. भिंतीत लिथियम ठेवलं तर त्यावर न्यूट्रॉन आदळून ट्रिटियम तयार होतं. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात त्यासाठी लिथियम टायटानेटच्या गोळ्या करण्याची रीत बसवली गेली. लिथियम कार्बोनेट आणि टायटॅनियम डायऑक्साइड यांची भुकटी एकत्र घोटायची, भाजायची, पुन्हा दळायची, लगदा करून बारीक छिद्रांतून काढायचा, त्याचे तुकडे फिरवून गोल करायचे आणि शेवटी भट्टीत पक्के करायचे. तयार गोळी मोहरीच्या दाण्याएवढी. ती पक्की तर हवीच, नाहीतर ढिगाखाली पिचेल. पण आत सूक्ष्म छिद्रंही हवीत, म्हणजे तयार झालेलं ट्रिटियम बाहेर येईल. या दोन अटींचा मेळ भट्टीचं तापमान किती आणि किती वेळ, यावर बसतो.

वीज कधी?

हा प्रश्न रास्त आहे. होमी भाभांनी १९५५ मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत अध्यक्षपदावरून भाकीत केलं होतं की वीस वर्षांत संमीलनाची ऊर्जा नियंत्रित करण्याची रीत सापडेल. तो काळ कधीच उलटला. अमेरिकेतल्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीनं डिसेंबर २०२२ मध्ये इंधनावर टाकलेल्या २.०५ मेगाज्यूल लेसर ऊर्जेतून ३.१५ मेगाज्यूल मिळवले. मोठी गोष्ट, पण त्या लेसरांनी स्वतः सुमारे ३०० मेगाज्यूल वीज खाल्ली होती. ब्रिटनमधल्या जेट यंत्रानं ऑक्टोबर २०२३ मध्ये एका शॉटमध्ये ६९ मेगाज्यूल दिले आणि निवृत्ती घेतली. आयटरच्या २०२४ मधल्या नव्या वेळापत्रकानुसार संशोधन २०३४ मध्ये सुरू होईल आणि खरं इंधन २०३९ मध्ये पडेल. त्यानंतर वीज देणारी केंद्रं.

तेव्हा संमीलनाच्या भरवशावर पारस किंवा नांदगावपेठचा हिशेब आज मांडता येणार नाही. या दशकाची गरज सौर, पवन, विखंडन यांनीच भागवायची आहे. आणखी एक गोष्ट वऱ्हाडानं लक्षात ठेवायला हवी. संमीलनाचं केंद्रही शेवटी पाणी तापवून वाफेवर टर्बाइन फिरवणारं असेल, म्हणजे त्याला थंडाव्यासाठी पाणी लागेलच. नांदगावपेठच्या वेळी ऊर्ध्व वर्धा धरणाचं पाणी शेतीला की वीज केंद्राला, हा वाद आपण पाहिला आहे. कोळसा गेला तरी तो प्रश्न आपोआप जाणार नाही.

मग इतका खर्च, इतकी वर्षं कशासाठी? एका चांगल्या कारणासाठी. यात कोळशाचा धूर नाही. इंधन समुद्रात आणि लिथियममध्ये आहे. आयटरसारख्या अवाढव्य यंत्रातही एका वेळी ग्रॅमहून कमी इंधन असतं, त्यामुळे भट्टी बेफाम होण्याचा प्रश्नच येत नाही, काही बिघडलं की प्लाझ्मा विझतो. एवढ्या मोठ्या फळासाठी दोन-तीन पिढ्यांनी राबणं मला योग्य वाटतं. आणि राबताना जे हाती लागतं तेही लहान नसतं. याच संस्थेनं प्लाझ्माच्या उष्णतेनं रुग्णालयांतला कचरा नष्ट करण्याची यंत्रं केली, यंत्रांच्या भागांना प्लाझ्मात नायट्रोजन पाजून कठीण करण्याचं तंत्र उद्योगांना दिलं, आणि अंगोरा सशाची गुळगुळीत लोकर नीट कातता यावी म्हणून तिच्यावर करायची प्लाझ्माची प्रक्रिया शोधली.

वऱ्हाडच्या दारात

यातलं एक काम आता आपल्या अगदी जवळ आलं आहे. अकोल्याहून वाशीममार्गे पूर्णेकडे जाणाऱ्या गाडीनं हिंगोलीला उतरलं की औंढा नागनाथ दूर नाही. त्या परिसरात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३ मध्ये तिला २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. पुण्याची आयुका आणि इंदूरचं राजा रामण्णा केंद्र यांच्याबरोबर प्लाझ्मा संस्था तिची भागीदार आहे, आणि तिच्याकडे जबाबदारी आहे निर्वात व्यवस्थेची.

चार-चार किलोमीटरचे दोन हात, काटकोनात. त्यांतल्या नळ्यांमधून लेसरचा झोत जाणार, आणि प्रोटॉनच्या रुंदीच्या दहा हजाराव्या भागाएवढा फरक त्यानं टिपायचा. नळीत हवेचे रेणू उरले तर झोत थरथरेल. म्हणून आतला दाब वातावरणाच्या एक लाख कोटीव्या हिश्श्यापर्यंत खाली न्यायचा, आणि तोही जवळजवळ दहा हजार घनमीटर जागेत. अशी नळी बनवताना सगळी शिस्त तीच लागते जी आदित्यनं शिकवली आणि एसएसटी-१ च्या गळत्यांनी घटवून घेतली: पोलादात मुरलेला हायड्रोजन आणि पाणी तापवून काढणं, वेल्डची रेघ इंच-इंच तपासणं, आत बोटाचा ठसा न राहू देणं. सूर्याला धरण्यासाठी शिकलेली विद्या आता कृष्णविवरांची टक्कर ऐकण्यासाठी हिंगोलीच्या माळावर येते आहे.

आणि इथंच आपल्या महाविद्यालयांचा विषय येतो. अमरावतीचं विदर्भ महाविद्यालय १९२३ पासूनचं. अमरावती विद्यापीठ १९८३ पासून आहे. अमरावती-अकोल्याच्या विज्ञान महाविद्यालयांत भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळांचं नेहमीचं काम पदार्थांचं आहे: अगेटच्या खलात भुकटी घोटायची, मफल फर्नेसमध्ये भाजायची, क्ष-किरणांनी तिची स्फटिकरचना तपासायची. फॉस्फर असो, फेराइट असो की वायू ओळखणारा सेन्सर, हात तेच शिकतात. लिथियम टायटानेटची गोळी याच हातांनी होते. टंगस्टनच्या तुकड्यावर हेलियमचा मारा झाल्यावर पृष्ठभाग कसा बदलला हे याच नजरेनं तपासलं जातं. पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात प्लाझ्मा वापरून पदार्थ घडवण्याचं काम कित्येक वर्षं चालू आहे. देशाच्या संमीलन कार्यक्रमात विद्यापीठांनी सहभागी व्हावं म्हणून प्रकल्पांना पैसा देण्याची स्वतंत्र व्यवस्थाही केली गेली आहे.

आपल्याकडच्या एम.एस्सी.च्या मुलाला अणुसंमीलन म्हटलं की ते फ्रान्समध्ये किंवा चीनमध्ये चालणारं काहीतरी वाटतं. प्रत्यक्षात या शास्त्रातले न सुटलेले प्रश्न भिंतीचे, सांध्याचे, भुकटीचे आणि भट्टीच्या तापमानाचे आहेत, आणि यांतले बरेच प्रश्न छोट्या प्रयोगशाळेच्या टेबलावर मावतात. वेल्डिंग शिकणाऱ्या मुलासाठीही दार उघडं आहे, कारण आठ किलोमीटर निर्वात नळीला चांगले वेल्डर लागणार आहेत. महाविद्यालयांनी भाटला सहल न्यावी, तिथल्या शास्त्रज्ञांना व्याख्यानाला बोलवावं, एम.एस्सी.च्या प्रकल्पांत यांतला एखादा प्रश्न घ्यावा, आयटीआयनं निर्वात वेल्डिंग आणि गळती तपासणीचा छोटा अभ्यासक्रम सुरू करावा. यांतल्या कशालाही २०३९ ची वाट पाहावी लागत नाही. वऱ्हाडानं आजवर विजेसाठी आपली जमीन आणि पाणी दिलं आहे. पुढच्या विजेत आपली बुद्धी आणि हातही असावेत, यासाठी सुरुवात येत्या शैक्षणिक वर्षापासून करता येते.